गोळीवाल्यांची नात

आमच्या मजल्यावर दोनच दारं आहेत, समोरासमोर. एक माझं आणि एक गोळीवाल्यांचं. माझं शिलाई मशीन मी दारातच ठेवलंय, कारण आतल्या खोलीत उजेड नाही, आणि पॅन्टची चेन बदलायला, ब्लाउजची शिवण उसवायला उजेड लागतो. त्यामुळे समोरच्या घरात कोण आलं, कोण हसत गेलं, कोण फणकारून गेलं, हे मला मुद्दाम बघावं लागत नाही, आपोआप दिसतं. लोक याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

गोळीवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. साखरेच्या गोळ्यांच्या कारखान्यात या माणसाने उभी हयात पाक शिजवला. माणसाएवढ्या कढया, खाली ढणाढणा जाळ, आणि हे काठाशी उभे. पाक झाला की नाही ते सांगायला पुढे कारखान्यात यंत्रं आली, पण यांचा भरवसा स्वतःच्या बोटांवर. शेजारी बर्फाच्या पाण्याचं भांडं. त्यात उजव्या हाताची तीन बोटं बुडवायची, तशीच ओली उकळत्या पाकात घालायची, चिमूटभर पाक उचलायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत परत पाण्यात. पाण्यात त्याची गोळी होते. ती दाताखाली कट्कन तुटली तर पाक उतरवायचा, चिकटली तर अजून शिजू द्यायचा. बोटांवर थंड पाणी आहे तोवरच बोटं तुमची. जरा थबकलात की गेली.

कारखान्यात नवा माणूस आला की त्याला पहिले कित्येक महिने कढईपाशी नुसतं उभं करत. ज्या दिवशी त्याने बोटं घालून पाक सांगितला, त्या दिवशी तो कारागीर. सगळी भट्टी काम थांबवून त्याच्यासाठी टाळ्या वाजवायची. गोळीवाले हे इतक्या वेळा सांगत की आमच्या इमारतीतल्या मांजरालाही पाठ झालं असेल. आणि सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू टाळ्या आत्ताच वाजून थांबल्यात.

माणूस वाईट नाही हो. पण टाळीचा भुकेला. बायको होती तोवर ती मधूनमधून जमिनीवर आणायची. "कढई ढवळत होतात, राज्य करत नव्हतात," असं एकदा माझ्यासमोर म्हणाली होती. ती गेली आणि ह्यांना आवरणारं कुणी उरलं नाही. मग शाळांना सुट्टी लागली की ह्यांचं राज्य सुरू व्हायचं. इमारतीतली सगळी पोरं समोरच्या स्वयंपाकघरात. पाक संगमरवरी फरशीवर ओतायचा, जरा निवला की त्यात रंग, मग आकड्याला लावून ओढायचा. ओढता ओढता तो चमकायला लागतो, अगदी नव्या साटीनसारखा. तेवढा कोमट झाला की पोरांच्या लोणी चोपडलेल्या हातांवर एकेक गोळा. मग लाल पोपट, पिवळी बदकं, हिरवे बेडूक, आणि एक निळा हत्ती, कारण कुणीतरी हट्टाने मागितला म्हणून. एका मुलाने सहा पायांचा कुत्रा केला. हे काय रे, म्हटलं, तर म्हणाला, "काकू, दोन राखीव आहेत." त्या दिवसांत आमच्या जिन्याचा कठडा चिकट आणि माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक वैतागलेलं. पण मीही एखादा बेडूक तोंडात टाकायचेच. खोटं कशाला बोलू?

या सगळ्या पोरांत त्यांचा जीव जिच्यात अडकलेला, ती म्हणजे त्यांची नात. लेकीची एकुलती एक मुलगी. गालात सतत गोळी असायची म्हणून ते तिला खार म्हणायचे, मग आम्हीही खार म्हणायला लागलो. लेक प्राथमिक शाळेत शिकवते, दोन गल्ल्या पलीकडे राहते. सुट्टीत शाळेची कामं असली की खारीला सकाळीच इथे सोडून जायची.

लेकीचा बोटांच्या त्या करामतीवर राग होता, आणि तो काही उगाच नव्हता. लहानपणी बापाचे भाजलेले हात तिने पाहिले होते. जेवताना आई त्यांना घास भरवायची असे दिवस पाहिले होते. तीन वर्षांपूर्वी एकदा दारातच, मी समोर बसलेली असताना, तिने बजावलं होतं, "बाबा, पोपट करा, हत्ती करा, काय हवं ते करा. पण ते बोटं घालायचं सोंग माझ्या मुलीसमोर करायचं नाही. ज्या दिवशी कराल, त्या दिवसापासून ती इथे येणार नाही."

"अगं, मी काय वेडा आहे का?" गोळीवाले म्हणाले होते.

आहात, असं मी मनात म्हटलं. तोंडाने बोलले नाही, कारण तोंडात टाचण्या होत्या.

गेल्या सुट्टीत ते झालं. सकाळची वेळ, पोरं अजून यायची होती. समोरून किंकाळी आली आणि मी मशीन तसंच टाकून धावले. खार बादलीपाशी उकिडवी बसलेली, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. पाक पाण्यात सुद्धा बोटांना धरून बसला होता. गोळीवाले तिच्यामागे उभे, पांढरेफटक. गॅस मीच बंद केला. रिक्षा मीच बोलावली. दवाखान्यात लेक धावत आली तेव्हा खारीच्या हाताला पट्टी बांधून झाली होती.

"काय झालं? कसं झालं?" तिने विचारलं.

गोळीवाल्यांनी तोंड उघडलं, पण आवाज खारीचा आला. "मी गुपचूप केलं आई. आबा आंघोळीला गेले होते. त्यांनी नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही."

आणि गोळीवाले गप्प राहिले. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्यांना.

चार-सहा दिवसांनी ते माझ्याकडे शर्ट घेऊन आले. शर्टाचं बटण शाबूत, शिवण शाबूत. मी उलटसुलट करून बघितला आणि म्हटलं, "याला काय झालंय?" तर ते स्टुलावर बसले आणि रडायला लागले. सत्तरीचा माणूस, समोर बसून लहान मुलासारखा रडतोय, आणि माझ्या हातात त्याचा धडधाकट शर्ट.

मग सगळं बाहेर आलं. ते आंघोळीला वगैरे गेलेच नव्हते. त्यांना पोरांसमोर एक गंमत करायची होती. पोरं जमली की खारीने पुढे व्हायचं, बोटं घालायची, पाक सांगायचा, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, भट्टीवर वाजवायचे तशा. म्हणून पोरं यायच्या आधी तालीम चालली होती. खारीने बोटं पाण्यात बुडवली, कढईपाशी नेली आणि घाबरून थबकली. बोटांवरचं पाणी ओघळून गेलं. तिने आबांकडे बघितलं. त्या घटकेला या शहाण्या माणसाने म्हणायला हवं होतं, राहू दे बाळा, परत पाण्यात बुडव. ते म्हणाले, "घाबरतेस काय? गोळीवाल्याची नात ना तू? घाल!"

तिने घातली.

"कारखान्यात कित्येक जणांना शिकवलं हो वहिनी," ते म्हणाले. "थबकलेल्या माणसाला मी कधी, कधी म्हणून पुढे ढकललं नाही. हिलाच कसं म्हणालो?"

मला दया यायला हवी होती. आला राग. "मग आता काय करणार?" मी विचारलं.

"काय करू?"

"लेकीला जाऊन सांगा."

"ती पोरीला परत कधी पाठवणार नाही."

"आत्ता तरी कुठे पाठवतेय?"

"आत्ता रागावलीय. राग निवेल." मग खाली बघत म्हणाले, "पण हे कळलं तर निवणार नाही. मी ओळखतो तिला."

करून सवरून नामानिराळा म्हणतात ना, ते असं. मी त्यांना तोंडावर सांगितलं तसं. त्यांनी ते ऐकून घेतलं, शर्ट उचलला आणि गेले. त्यानंतर आमची बोलाचाल होती, पण माझ्या बोलण्यात खडा असायचाच. ते खडा चावायचे आणि गप्प बसायचे.

आणि तिकडे खारीचं काय झालं? जखम भरली, पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं आखडली. कातडी तुकतुकीत, ताणलेली, जणू बोटांना एक माप लहान असलेला मोजा घातलाय. पेन्सिल धरायला तीच तर बोटं लागतात. अक्षर बिघडलं, लिहायला वेळ लागायला लागला. आई शिक्षिका. तिच्या पोरीचं अक्षर बिघडलेलं तिला रोज दिसणार. आणि त्याचं कारण तिच्या लेखी एकच, पोर ऐकत नाही. झालं! त्या एका वाक्याचा शिक्का बसला. खार सायकल मागायची, तर "आधी ऐकायला शीक." सहलीला जाऊ का, तर "तुझा भरवसा काय? सांगितलेलं ऐकतेस का?" स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची बंदी. बाई वाईट नाही. घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला शिस्तीसारखा दुसरा आधार सापडत नाही.

हे मला कसं कळायचं? लेक माझ्याकडे कपडे द्यायला यायची. बापाकडे जायची नाही, पण माझ्या दारातून बापाच्या दाराकडे दोनदा बघून घ्यायची. एकदा खारही बरोबर होती. फ्रॉकच्या खिशात उजवा हात. पूर्वी बडबडून डोकं उठवणारी पोर, माझ्या डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावत बसली होती, डाव्या हाताने.

"दुखतं का गं अजून?" मी विचारलं.

"नाही काकू," ती इतक्या चटकन म्हणाली की प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं. मग आईकडे बघून पुढे म्हणाली, "माझीच चूक होती ना."

आई मान हलवून म्हणाली, "निदान कबूल तरी करते."

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकाला. पण त्या निघाल्या, जिना उतरल्या, आणि खार रुमाल राहिला म्हणून एकटी पळत वर आली. रुमाल राहिलाच नव्हता. दारात उभं राहून, धापा टाकत, कुजबुजली, "काकू, तुम्हाला आबांनी सांगितलंय ना? मला माहितीये, तुम्ही माझ्याकडे तसं बघता. तुम्ही आईला सांगू नका हं. मग मला कधीच येता येणार नाही. आबा एकटेच राहतील."

"आणि तू रोज बोलणी खातेस ते?"

"मला सवय झालीय," ती म्हणाली.

मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात. इथे तर आजोबा गप्प राहून खणत होते आणि आई बोलून. त्या संध्याकाळी मी समोरच्या घरी गेले आणि नातीचं ते वाक्य जसंच्या तसं गोळीवाल्यांना ऐकवलं. ते भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, "ती आबांसाठी म्हणाली? एकटे राहतील म्हणून?" आणि त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, दुःखाच्या शेजारी सुख दिसलं मला. नात आपल्यावर इतकी माया करते याचं सुख! त्या क्षणी मला तो माणूस अजिबात आवडला नाही.

वर्ष सरलं. पुन्हा सुट्टी लागली. पोरं जिन्यात घुटमळायला लागली, "गोळीआजोबा, कधी? गोळीआजोबा, या वर्षी नाही का?" तेव्हा गोळीवाल्यांनी एक युक्ती काढली. विस्तवच नको. पिठीसाखर, दुधाची पावडर, जरासं लोणी, चमचाभर दूध. थंड मळायचं, रंग घालायचा, प्राणी करायचे. ज्याने जन्मभर जाळावर साखर खेळवली, त्याला हे म्हणजे पोहणाऱ्याने बादलीत बसण्यासारखंच. पण त्यांनी फोन केला लेकीला. गॅसची नळी काढून ठेवीन, म्हणाले. तू स्वतः येऊन बस, म्हणाले. लेक म्हणाली, येते.

त्या दिवशी सकाळपासून त्यांची काय लगबग! टेबलावर मेणकापड, त्यावर वाट्या, गुलाबी, पोपटी, पिवळा, निळा. डोळ्यांसाठी काळी मोहरी, शेपटांसाठी शेवया. त्यांनी दाढी केली होती, आणि हनुवटीला कापून घेतलं होतं. मला बोलावलं. मी गेले, कारण मला खार बघायची होती.

ती आली, आईच्या मागे. आबांनी हात पुढे केले, पण लेक मधे होती म्हणून ते हात तसेच वाट्यांकडे वळले. "ये, ये, बस. तुझ्यासाठी गुलाबी ठेवलाय," ते म्हणाले. खार हसली. मी वर्षभरात पहिल्यांदा तिचे दात पाहिले.

मग तासभर खरंच बरं चाललं होतं. पोरांच्या नाकाला निळा रंग, कानाला पिठीसाखर. राखीव पायवाल्याने या खेपेला गोगलगाय केली, पायांची कटकटच नको म्हणून. खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरची धाकटी, जिला सगळे भोपळी म्हणतात, ती जेवढं करत होती त्याच्या दुप्पट खात होती. खारीने साळिंदर करायला घेतलं. गोळा डाव्या हाताने वळला, मग काट्याच्या चमच्याने पाठीवर काटे काढायला लागली. चमचा उजव्या हातात धरला, तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिने गुपचूप डाव्या हातात घेतला. मला दिसलं, आणि टेबलाच्या पलीकडून गोळीवाल्यांना दिसलं. त्यांच्या हातात गुलाबी गोळा होता, तो ते मळतच राहिले. मळून मळून त्याचं तूप होईल असं वाटायला लागलं.

चहा मी माझ्याकडून करून आणला होता, किटलीतून. किटली खिडकीपाशी ठेवलेली. भोपळी तिथे कशी पोचली कुणास ठाऊक, खुर्चीवर चढली आणि वाफ धरायला हात पुढे केला. लेकीने झेप घालून तिला उचललं. काही झालं नाही. पण लेकीचा श्वास वर गेलेला. आणि तेव्हा ती बाई आई राहिली नाही, वर्गातली बाई झाली.

"सगळ्यांनी इकडे बघा," ती म्हणाली. "मोठ्यांनी नको म्हटलं की नको. ऐकलं नाही तर काय होतं, बघायचंय? खार, हात दाखव."

खार उभी राहिली. हात पोटाशी धरलेला.

"दाखव सगळ्यांना. वर कर. आणि सांग काय झालं होतं."

खारीने हात वर केला. तीन बोटं वाकडी, तुकतुकीत, नखांच्या कडांना पोपटी रंग लागलेला. आणि तिने पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हटलं, "आबा नको म्हणाले होते. मी ऐकलं नाही. मी गुपचूप गरम पाकात बोटं घातली. म्हणून असं झालं. मोठ्यांचं ऐकावं."

त्या सुरावरून कळलं की हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती. घरी पाहुण्यांसमोर म्हणवून घेतलं असणार, शाळेत म्हणवून घेतलं असणार.

भोपळीने बोटांकडे बघून विचारलं, "ऐकलं नाही की बोटं वाकडी होतात?"

"हो," खार म्हणाली.

"नाही," गोळीवाले म्हणाले.

आवाज इतका बारीक की लेकीला कळलंच नाही कोण बोललं. ते टेबलाला धरून उठले. हातातला गुलाबी गोळा खाली ठेवायचं सुद्धा सुचलं नाही.

"तिने ऐकलं नाही म्हणून नाही झालं," ते म्हणाले. "ऐकलं म्हणून झालं. मी आंघोळीला गेलो नव्हतो. मी इथेच उभा होतो, हिच्या शेजारी. ती घाबरली होती, थांबली होती. मी म्हटलं, घाल. तिने घातली."

लेक नुसती बघत राहिली. एखादी परकी भाषा ऐकावी तशी.

"आबा खोटं बोलतायत!" खार ओरडली. "आई, आबा खोटं बोलतायत! ते नव्हतेच इथे! मी गुपचूप केलं! मीच केलं!"

"पुरे, बाळा," गोळीवाले म्हणाले. "पुरे आता."

"नव्हतेच ते!" तिने मला पकडलं. "काकू, तुम्ही सांगा ना! आबा आंघोळीला गेले होते ना? सांगा ना!"

मी मान खाली घातली. तेवढ्याने लेकीला समजायचं ते समजलं. ती भोपळीला खाली ठेवून खारीपाशी गेली. मला वाटलं, आता बापावर तुटून पडणार, वाट्या भिरकावणार, आणि खरं सांगायचं तर तिने तसं केलं असतं तर मी तिला अडवलं नसतं. पण ती बापाकडे वळलीच नाही. खाली बसली, खारीच्या तोंडासमोर तोंड येईल अशी. तो वर केलेला हात अजून तसाच अर्धवट हवेत होता. तिने तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला. या वर्षभरात तिने त्या हाताला मलम लावलं होतं, पट्ट्या बांधल्या होत्या, दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या होत्या. तरी असं वाटत होतं की तो हात ती आज प्रथम बघतेय.

"दुखतं का गं?" तिने विचारलं.

खारीने आईकडे बघितलं नाही. आबांकडे बघितलं. परवानगी मागावी तसं. गोळीवाल्यांनी मान डोलावली.

"हो," खार म्हणाली. "लिहिताना दुखतं. रोज दुखतं. सकाळी मिटतच नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"माझी चूक होती म्हणून."

लेकीने तिला पोटाशी धरलं. कितीतरी वेळ तशाच बसल्या होत्या. पोरं एकेक करून भिंतीकडेने बाहेर पडली, आपापले बेडूक, गोगलगायी तळहातावर सांभाळत. भोपळीने जाताना एक पिवळं बदक खारीच्या गुडघ्याशी ठेवलं.

मग लेक उठली. पर्स घेतली, खारीच्या चपला शोधल्या, तिच्या पायात स्वतः घातल्या. दारापाशी पोचल्यावर बापाकडे न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला भाजलंत, ते मी कधीतरी विसरेन. पण वर्षभर मी तिला..."

खार मागे वळून आबांकडे हात करत होती. "आबा, तुम्ही का सांगितलंत? मी नव्हते सांगणार! मी कधीच नव्हते सांगणार!" आईने तिला उचलून घेतलं. एवढी मोठी पोर, पाय लोंबकळत होते. त्या जिना उतरायला लागल्या आणि पहिल्या वळणावर खार रडायला लागली. हुंदके नव्हेत. गळा काढून, घसा फाटेल असं. भाजलं त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. एक किंकाळी फोडली आणि त्यानंतर तिच्या तोंडून जे आलं ते आबांना वाचवायलाच आलं होतं.

गोळीवाले उंबऱ्यात उभे होते, कोपरापर्यंत गुलाबी. मला त्यांचा राग होता, अजूनही आहे. तरी मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, "चला, आत बसा. आता ऐकत उभे राहू नका."

त्यांनी दंड सोडवून घेतला.

"नको वहिनी," ते म्हणाले. "वर्षाचं साठलेलं रडणं आहे तिचं. मला ऐकू द्या."